फोन वाजला की मामा

पिटुकलीचा पहिला शब्द कधी आला, हे तिच्या आईला विचाराल तर ती म्हणेल, दहाव्या महिन्यात कधीतरी. तिच्या मामाला विचाराल तर तो वार सांगेल, वेळ सांगेल, खुर्चीत कोण बसलं होतं ते सांगेल आणि त्या माणसाच्या कोणत्या गालाची दाढी व्हायची राहिली होती तेही सांगेल. ऐकून घ्यायची तयारी ठेवा मात्र, कारण मामाला गोष्ट थोडक्यात सांगता येत नाही.

मामाचं सलून होतं. सलून म्हणजे दोन खुर्च्या, समोरासमोरच्या भिंतींवर दोन मोठे आरसे, वाट बघणाऱ्यांसाठी एक लाकडी बाक आणि गेल्या काही महिन्यांपासून कोपऱ्यात गजांची एक लहानशी खाट. मामाच्या स्वतःच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, म्हणून सगळी गल्ली त्याला टक्कलराव म्हणायची आणि तोही खुशाल ओ द्यायचा. "माझे गेले ते बरंच झालं," असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "नाहीतर कापून कुणाकडून घेतले असते? इथं माझ्याशिवाय धड कापतो कोण?"

त्या दिवशी सकाळचे अकरा वाजले होते. खुर्चीत पोस्टमन होता, एका गालावर फेस तसाच. पिटुकली खाटेचे गज धरून उभी होती. तिची आई, म्हणजे टक्कलरावची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडं लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला जायची. तिची पाळी संपेपर्यंत पोरगी सलूनमध्ये. तर अशा वेळी फळीवरचा फोन वाजला आणि खाटेतून आवाज आला, "मामा."

वस्तरा हवेतच थांबला. पोस्टमनही बिचारा श्वास धरून बसला.

"मामा. मामा."

टक्कलरावनं फोन उचलला. पलीकडं त्याचे भावोजी होते, पिटुकलीचे वडील. ते लांब पल्ल्याचा मालट्रक चालवायचे. पंधरा-वीस दिवसांतून दोन दिवस घरी आणि एरवी रोज अकराला, जेवायला गाडी बाजूला घेतली की, फोन.

"भावोजी, पोरगी बोलली! काय बोलली विचारा!"

"काय?"

"मामा!"

पलीकडं भावोजी हसले. "बापाला ठेवलं बाजूला आणि मामा! बरंय बाबा तुझं."

टक्कलरावनं त्या दिवशी पोस्टमनकडून दाढीचे पैसे घेतले नाहीत. उरलेला गाल मात्र जरा घाईतच झाला.

आता एका शब्दानं माणूस एवढा का हरखला, ते कळायला थोडं मागं जायला हवं. पिटुकली जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला थेट नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. तोंड उघडून बघितलं तर आत टाळूलाही फट. ताई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. भावोजी दारात उभे राहून टोपी हातात फिरवत होते, आत येईनात की बाहेर जाईनात. अशात घरमालकीण बाळ बघायला आली. तिनं दुपटं बाजूला केलं, च्‌ च्‌ केलं आणि म्हणाली, "पोटुशी बाई भावाच्या दुकानात कात्र्या हाताळत बसायची, मग दुसरं काय होणार?"

काही माणसांना देवानं जीभ का दिली, हे देवच जाणे. पण ती बोलली त्यात खोटं नव्हतं. ताई सुट्टीच्या दिवशी दुकानात यायची, कात्र्या पुसून द्यायची, तेल द्यायची. टक्कलरावच्या काळजात ते वाक्य रुतलं. दुकानातली सगळ्यात चांगली कात्री त्यानं खणात टाकली आणि खण बंद केला.

आठ दिवस तो धुमसत राहिला आणि शेवटी हॉस्पिटलात डॉक्टरबाईंना गाठून त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. डॉक्टरबाई वयानं मोठ्या, केस पांढरे, आणि ते नीट कापलेले नाहीत हे टक्कलरावला त्याही अवस्थेत दिसलं.

"कितव्या महिन्यात धरली होती कात्री?" त्यांनी विचारलं.

"पाचव्या-सहाव्या."

"बाळाचा ओठ जुळतो दुसऱ्या महिन्यात. टाळू जुळते तिसऱ्याच्या आसपास. कित्येक आयांना तोवर दिवस गेल्याचाही पत्ता नसतो. तुमची कात्री पोचेपर्यंत सगळं होऊन गेलेलं होतं."

"मग चूक कुणाची?"

"कुणाचीच नाही. सातशे-हजार बाळांमागे एखाद्याचं जुळायचं राहून जातं. कधी घराण्यात असतं, बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पण त्यावर काय करायचं ते आम्हाला चांगलं ठाऊक आहे. चार-पाच महिन्यांची झाली की ओठ शिवू, टाळू वर्षाच्या पुढंमागं. तोवर हिचं पोट भरणं एवढं एकच काम. ते कोण करणार, बोला."

टक्कलराव म्हणाला, "मी."

आणि केलंही त्यानं. टाळूला फट असल्यानं पिटुकलीला दूध ओढताच यायचं नाही. छातीशी घेतली की धडपडून दमायची, घोटभर पोटात जायचं आणि बाकीचं नाकातून बाहेर. ताईचा तर धीरच खचला होता. मग एका सिस्टरनं मऊ, दाबता येणारी बाटली आणून दिली आणि शिकवलं. बाळ आडवं घ्यायचं नाही, जवळजवळ बसतं धरायचं. बाळ गिळेल तसं हळूच दाबायचं. घाई करायची नाही. मध्ये थांबायचं, ढेकर काढायची, पुन्हा सुरू. ताई दूध काढून ठेवायची, पण बाटली दाबताना तिचे हात थरथरायचे. टक्कलरावचा हात वस्तऱ्याचा. कुठं किती दाब द्यायचा हे त्या हाताला सांगावं लागत नव्हतं. दिवसातून दोन-तीन वेळा तो खुर्चीतल्या माणसाला "बसा जरा" म्हणायचा आणि अर्धा तास पोरीला घेऊन बाकावर बसायचा. डोक्यावर अर्धे केस कापलेली माणसं निमूट बसून राहायची. कुणी कुरकुर केली तर बाकावरचेच लोक त्याला गप्प करायचे.

दर आठवड्याला वजन व्हायचं. काट्यावर दीडशे ग्रॅम वाढलेले दिसले की टक्कलराव सिस्टरच्या पाया पडायचाच बाकी राहायचा. "अहो, मला काय नमस्कार करता," सिस्टर म्हणायची, "दूध तुम्ही पाजलंत." पाचव्या महिन्यात ओठ शिवला. जिथं फट होती तिथं एक बारीक गुलाबी रेघ राहिली. ताईनं त्या दिवशी पोरीचं तोंड इतक्या वेळा बघितलं, की शेवटी पोरगीच कंटाळून झोपली.

डॉक्टरबाईंचं बोलणं टक्कलरावला पटलं होतं. पण पटणं वेगळं आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर घरमालकिणीचं वाक्य आठवणं वेगळं. कात्री खणातच होती. म्हणून पोरगी जेव्हा सगळी दुनिया सोडून पहिल्यांदा "मामा" म्हणाली, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो. हिचा माझ्यावर राग नाही.

पुढं रोजचंच झालं. अकरा वाजले, फोन वाजला की खाटेतून "मामा!" टक्कलराव गिऱ्हाइकांना सांगायचा, "बघा हुशारी. फोन आलाय, उचल म्हणते." फोन तिच्या कानाशी धरला आणि भावोजींचा आवाज आला की ती जास्तच जोरात, "मामा, मामा!" मग भावोजी म्हणायचे, "तुलाच हाक मारतेय रे. घे तिला. मी ठेवतो, गाडी काढायची आहे."

घरी आले तेव्हाही तेच. पिटुकली रांगत गेली, त्यांचा पायजमा धरून उभी राहिली, मान वर करून थेट त्यांच्या तोंडाकडं बघत म्हणाली, "मामा." सगळे पोट धरून हसले. भावोजीही हसले. तिला कडेवर घेऊन सलूनच्या दारात आले आणि टक्कलरावच्या हातात देत म्हणाले, "घे. तुझा ऐवज तुला." परत जाताना ते जरा गप्प होते. टक्कलरावनं ते बघितलं, पण आनंदात असलेल्या माणसाला दुसऱ्याचं गप्प राहणं जरा कमीच ऐकू येतं.

तेराव्या महिन्यात टाळूच्या ऑपरेशनआधीची तपासणी होती. ताईला सुट्टी मिळेना, म्हणून टक्कलराव पोरीला घेऊन गेला. वजन झालं, रक्त झालं, कान तपासले. टाळू फाटलेल्या मुलांच्या कानात पाणी साठतं, ऐकू कमी येतं, म्हणून तेही बघावं लागतं. सगळं ठीक होतं. शेवटी एका लहानशा खोलीत पाठवलं. तिथं मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या, अगदी तरुण.

"काय काय बोलते?"

"मामा!" टक्कलराव ताठ बसला. "म्हणजे मीच."

मॅडम हसल्या. "वा. आणखी काही? पा, बा, टा, का, असे आवाज?"

"नाही. पण मामा एकदम स्पष्ट."

"एक गंमत करा. तुमचं नाक चिमटीत घट्ट धरा. हां. आता म्हणा, मामा."

टक्कलरावनं नाक धरलं आणि म्हणाला. खोलीत आवाज झाला, "बाबा."

त्यानं नाक सोडलं, पुन्हा धरलं, पुन्हा म्हणाला. पुन्हा "बाबा." पिटुकलीला हा खेळ फार आवडला.

"म आणि ब तोंडात एकाच जागी तयार होतात," मॅडम सांगू लागल्या. "दोन्हीला ओठ मिटावे लागतात. फरक इतकाच, म म्हणताना हवा नाकातून जाते आणि ब म्हणताना तोंडात कोंडून मग सुटते. हिच्या टाळूला फट आहे, त्यामुळं हवा तोंडात कोंडतच नाही, सगळी नाकावाटे निघून जाते. म्हणजे हिला ब म्हणायचा असला तरी बाहेर म-च येणार."

"म्हणजे?"

"म्हणजे ही मामा म्हणते की बाबा, ते आवाजावरून सांगता येणार नाही. कधी म्हणते, कुणाकडं बघून म्हणते, त्यावरून कळेल. कधी म्हणते?"

कधी म्हणते ते टक्कलरावइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

"तसं... केव्हाही म्हणते," तो म्हणाला.

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. "तिच्या आईबाबांना हे नक्की सांगा. बाबांकडं बघून म्हणाली तर बाबांनी ओ द्यायचा. मूल पुन्हा पुन्हा हाक मारतं आणि उत्तर येत नाही असं झालं, तर ते हाक मारायचंच सोडून देतं. मग पुढं शिकवणं अवघड जातं."

संध्याकाळी ताईनं विचारलं, "काय म्हणाले रे?"

"वजन उत्तम. कान उत्तम. तीन आठवड्यांनी भरती व्हायचं."

"आणि बोलण्याचं?"

"बोलेल म्हणाल्या," टक्कलराव म्हणाला आणि पाणी प्यायला उठला. तहान लागलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फोन वाजला. या वेळी टक्कलराव मुद्दाम खाटेच्या मागं जाऊन उभा राहिला. "मामा!" पिटुकली म्हणाली. तिनं मान वळवून त्याला शोधलं नाही. तिची नजर फळीवर होती, वाजणाऱ्या फोनवर. फोन म्हणजे बाबा, हे त्या एवढ्याशा जिवाला कळलं होतं. सलूनमध्ये जमणाऱ्या एकाही शहाण्याला कळलं नव्हतं.

त्यानं फोन उचलला. भावोजी म्हणाले, "हाक मारतेय वाटतं तुला. घे, ठेवतो मी."

तेव्हाच सांगायचं. एका वाक्याचं काम होतं. पण टक्कलराव, जो खुर्चीतल्या माणसाला हवामानापासून हाडाच्या दुखण्यापर्यंत कशावरही अर्धा तास ऐकवायचा, तो नुसता "बरं" म्हणाला. त्याला आपला शब्द सोडवत नव्हता. उद्या सांगू, असं त्यानं ठरवलं. उद्याचा परवा झाला. मधल्या वेळात गिऱ्हाईक नसलं की तो आरशासमोर नाक धरून उभा राहायचा आणि "मामा" म्हणून बघायचा, जणू एखाद्या दिवशी निकाल बदलेल. एकदा बाकावर पेपर वाचत बसलेला शिंपी आहे हे तो विसरलाच. "सर्दी झाली का हो टक्कलराव?" शिंप्यानं विचारलं. "झालीय जराशी," टक्कलराव म्हणाला.

अडीच आठवडे असे गेले. मग एके दिवशी फोन वाजला आणि पिटुकली काहीच बोलली नाही. तिनं फोनकडं बघितलं, जरा थांबली आणि पुन्हा हातातल्या रबरी बदकाकडं वळली. टक्कलराव तिच्याकडं बघतच राहिला. फोन वाजून वाजून बंद झाला.

त्याच दुपारी बेकरीत काम करणारा एक तरुण दाढीला आला. आठ दिवसांपूर्वी बाप झाला होता, पण तोंड बघाल तर घरातलं कुणी गेल्यासारखं. टक्कलराव साबण लावेपर्यंत तो आरशातून पिटुकलीच्या ओठावरची रेघ बघत होता. मग हळू आवाजात म्हणाला, "ही जन्मताच अशी होती?"

"होती. का?"

"आमचं पण तसंच आहे." तो मान खाली घालून बोलत होता. "आई म्हणते, कुणाला दाखवू नका. कुणी आलं की दुपट्यानं तोंड झाकतो. आणि दूध काही पोटात जात नाही हो, नाकातून येतं."

टक्कलरावनं वस्तरा खाली ठेवला. मग जे काही बोलायला लागला, ते बाकावरचे सगळे जण ऐकत राहिले. "आधी पोराला बसतं धरा. आडवं पाजू नका. आजच्या आज हॉस्पिटलात जा, पहिल्या मजल्यावर सिस्टर आहेत, त्यांना सांगा टक्कलरावनं पाठवलं. बाटली देतील, पाजायचं कसं ते दाखवतील. ओठ शिवतात, टाळू शिवतात, बोलायलाही शिकवतात. ही बघा, मूर्तिमंत उदाहरण बसलंय समोर. तुमची चूक नाही, बायकोची नाही, कुणाचीच नाही. आणि एक सांगून ठेवतो, लपवू तर अजिबात नका. लपवणारा आपलं तोंड वाचवतो आणि हाल होतात लेकराचे!"

बोलून झालं आणि समोरच्या आरशात त्याला स्वतःचं तोंड दिसलं. त्या तोंडाची त्याला चांगलीच लाज वाटली. तरुण मात्र तोंडावरचा साबण टॉवेलनं पुसून तसाच उठला. "दाढी उद्या करतो," म्हणाला आणि धावतच गेला.

ताई पोरीला न्यायला आली तेव्हा टक्कलरावनं तिला सगळं सांगितलं. ती पोरीला मांडीवर घेऊन बाकावर बसली.

"अरे, ते रोज फोन ठेवतात रे," ती म्हणाली. "तुलाच हाक मारतेय म्हणून ठेवतात. मला म्हणाले होते, आपण घरी नसतो, पोरीचं काय चुकलं, जो दूध पाजतो त्याचंच नाव घेणार." तिनं डोळे पुसले. "मला सांगून काय उपयोग? त्यांना सांग. फोनवर नको, समोरासमोर सांग."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी पिटुकलीला आत नेलं. ताई दाराजवळच्या खुर्चीतून हलायला तयार नव्हती. कॉरिडॉरच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीखालच्या बाकावर भावोजी आणि टक्कलराव बसले होते. टक्कलरावनं घसा साफ केला आणि सांगितलं. नाक धरायचं, म आणि ब, फोन, मॅडमनी बजावलेलं आणि आपण तीन आठवडे दाबून ठेवलेलं, सगळं. या खेपेला गोष्ट चक्क थोडक्यात झाली.

भावोजींनी आपलं नाक चिमटीत धरलं. हळूच म्हणाले, "मामा." आणि ऐकलं.

"म्हणजे चार महिने ती मला हाक मारत होती," ते म्हणाले. "आणि मी फोन ठेवत होतो."

"त्यातले तीन आठवडे माझ्यामुळं, भावोजी."

भावोजी उठले आणि जिन्यानं खाली निघून गेले. टक्कलराव बसून राहिला. त्याला वाटलं, आता हे नातं संपलं, आणि संपलं तर ते आपल्याच कर्मानं. पाव तासानं भावोजी आले ते दोन कप चहा घेऊन. एक त्याच्या हातात दिला.

"राग आलाय मला," ते म्हणाले. "तो काही लगेच जायचा नाही."

"असू दे."

"पण खाली उभा होतो ना, तर एक आठवलं. ही जन्मली तेव्हा मी दारात उभा होतो. आत यायला मला अर्धा तास लागला. आणि चौथ्या दिवशी मी गाडी काढली. काम होतं म्हणून नाही. बघवत नव्हतं म्हणून." त्यांनी चहाचा घोट घेतला. "तू बघत होतास. रोज. तू पाजलंस म्हणून ती हाक मारायला राहिली, मग ती हाक कुणालाही असो. हे मी तुला कधी बोललो नाही. आज बोलतो. फार उपकार आहेत तुझे."

टक्कलरावला रडू आवरेना. पलीकडच्या बाकावरच्या आजीबाईंनी, काय झालं ते न विचारता, त्याला आपला रुमाल दिला.

दोन तासांनी डॉक्टरबाई बाहेर आल्या. टाळू जुळली होती. पिटुकली सुजलेल्या तोंडानं आणि बोटं तोंडात जाऊ नयेत म्हणून हातांवर घातलेल्या कडक बाह्यांनी बाहेर आली आणि तिनं पहिल्या प्रथम सगळ्यांवर रागवून घेतलं. भावोजींनी तिला घेतलं आणि तिघेही डॉक्टरबाईंपुढं हात जोडून उभे राहिले. तिघांनाही एकच गोष्ट म्हणायची होती आणि ती कुणालाच धड म्हणता आली नाही. "कळलं, कळलं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मॅडमनी मात्र बजावलं होतं, की टाळू मिटली म्हणून शब्द आपोआप बदलत नाही. नाकातून बोलायची सवय झालेली असते, ती मोडून नवी लावावी लागते. रोज, खेळत खेळत, आरशासमोर. आता आरसे कुणाकडं होते? आणि दिवसभर पोरगी कुणाकडं होती?

तर "बाबा" शिकवायचं काम मामाकडं आलं.

जखम भरल्यावर सुरुवात झाली. दुपारी गर्दी कमी झाली की टक्कलराव पिटुकलीला आरशासमोरच्या फळीवर बसवायचा. पातळ कागदाची एक पट्टी तिच्या ओठांपुढं धरायचा. "गाल फुगव. हवा कोंड. आता सोड, ब!" कागद हलला तर हवा तोंडातून आली. नाकाखाली छोटा आरसा धरायचा. त्यावर वाफ आली तर हवा अजून नाकातून जातेय. पहिल्या महिन्यात वाफच वाफ. दुसऱ्या महिन्यात कागद एकदा हलला, तोही पंख्याच्या वाऱ्यानं. बाकावरच्या लोकांना याचं इतकं वेड लागलं, की वाट बघता बघता तेही गाल फुगवून "ब, ब" करायचे. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, इथं केस नाही, डोकी बदलून मिळतात.

बेकरीतला तरुणही अधूनमधून यायचा, आपलं पोर घेऊन. ते आता बसतं दूध पीत होतं आणि त्याच्या तोंडावर दुपटं नसायचं.

भावोजींचा फोन अकराला येतच होता. पण आता कुणी "ठेवतो" म्हणत नव्हतं. पिटुकलीनं "मामा" म्हटलं की पलीकडून दणदणीत "ओ!" यायचा. सुरुवातीला ती दचकली. मग पुन्हा म्हणाली. पुन्हा "ओ!" आठवड्याभरात तिची हाक परत आली, पूर्वीपेक्षा मोठी. ती "मामा"च म्हणत होती आणि टक्कलराव मुकाट्यानं पलीकडं कंगवे पुसत राहायचा. ओ तोंडापर्यंत यायचा. तो गिळायचा. आपली लाडकी वस्तू तिच्या धन्याला परत करताना हात जरा जड होतोच, पण एकदा दिल्यावर हलकं वाटतं, हेही त्याला तेव्हाच कळलं. आणि एके दिवशी कंगवा शोधता शोधता त्यानं खण उघडला, तर ती कात्री सापडली. त्यानं ती पुसली, धार बघितली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचे केस तिनंच कापले. घरमालकिणीचं वाक्य त्याला दिवसभर आठवलं नाही.

ऑपरेशनला चार महिने झाले होते. सकाळी दुकान भरलेलं. टक्कलराव एका शाळामास्तरांच्या मानेवर मशीन चालवत होता आणि पिटुकली जमिनीवर बसून ब्रशनं स्वतःच्या पायाची दाढी करत होती. फोन वाजला. तिनं मान वर केली, दोन्ही गाल टम्म फुगवले आणि म्हणाली, "बाबा."

मशीन बंद झालं.

"बाबा!" अगदी खणखणीत. ओठांवर फुटलेला ब. तोही एकदा नाही, दोन्ही वेळा.

टक्कलरावनं फोन उचलला, पण "हॅलो" म्हटलं नाही. खाली बसून तो सरळ तिच्या हातात देऊन कानाशी लावला आणि मागं सरकला. "बाबा," ती फोनला म्हणाली.

पलीकडून ओ आला नाही. नुसता रस्त्याचा आवाज. कुणीतरी हॉर्न वाजवत निघून गेलं. मग फार बारीक झालेल्या आवाजात भावोजी म्हणाले, "परत म्हण."

"बाबा."

"परत."

असं किती वेळा झालं कोण जाणे. शाळामास्तर अर्धवट भादरलेल्या मानेनं डोळे पुसत होते. शेवटी भावोजींनी नाक ओढलं आणि म्हणाले, "राणी, आता फोन मामाला दे."

पिटुकलीनं फोन कानापासून काढला. मागं वळली. दुकानात सात माणसं होती, त्या सगळ्यांवरून नजर फिरवत ती टक्कलरावपाशी थांबली. ओठ मिटले. गाल फुगवले नाहीत.

"मामा," ती म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्यानं तो कानाला लावला. "बोला भावोजी," म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "ओ!"

"ऐकलंस ना रे?" पलीकडून भावोजी म्हणत होते. "या वेळी तुलाच म्हणाली ती."